सी मध्ये स्ट्रिंगचा (मजकुराचा) इंट (पूर्णांक) करताना आकडे चुकतायत, कांद्याच्या पट्ट्यांचा हिशोब लागत नाहीये

निफाडचा_पोरगा | रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय काही चुकलं तर सांगा. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, निफाड तालुक्यातून रोज नाशिकला बसने अपडाऊन करतो. कॉलेजात सी (प्रोग्रामिंगची भाषा) शिकवून झालं पण परीक्षेपलीकडे कधी वापरलं नव्हतं, म्हणून म्हटलं घरचंच काहीतरी करू. वडील कांदा लासलगावला नाहीतर पिंपळगावला विकायला नेतात, मागच्या तीन वर्षांच्या हिशोबपट्ट्या (विक्रीच्या पावत्या) एका पिशवीत घालून ठेवलेल्या होत्या. मी आणि ताईने दिवाळीच्या सुट्टीत बसून त्या सगळ्या टाइप केल्या, काही माझ्या लॅपटॉपवर काही तिच्या मोबाईलवर, आणि एक टेक्स्ट फाईल बनवली. एका पट्टीची एक ओळ, मध्ये उभी रेघ टाकून तारीख, वजन किलोत, क्विंटलचा भाव, एकूण रक्कम, मग हमाली, तोलाई, वाराई या कपाती आणि शेवटी हातात आलेली रक्कम. एकूण ६४ ओळी.

प्रोग्राम साधा आहे. एफगेट्सने ओळ वाचतो, स्ट्रटोकने रेघेवर तुकडे करतो, प्रत्येक तुकडा एटूआय ला (स्ट्रिंगचा इंट करणारं तयार फंक्शन) देतो आणि जो इंट येतो तो ॲरेत (आकड्यांच्या यादीत) ठेवून शेवटच्या रकान्याची बेरीज करतो. वडिलांच्या वहीत तीन वर्षांची बेरीज १६,१८,२४० लिहिलीय आणि माझा प्रोग्राम पावणेतीन लाखाच्या आसपास सांगतोय. बऱ्याच ओळींचा आकडा शून्य येतो, काहींचा ४२ नाहीतर १८ असा फुटकळ येतो. आणि तीच फाईल कॉलेजच्या लॅबमध्ये चालवली तर एका ओळीला चक्क उणे २३०३६ आलं, ती पट्टी ४२५०० ची आहे!! एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्राम मस्त चालतो आणि चुकीचं सांगतो. दोन दिवस झाले डोकं चालत नाहीये. वडिलांना सांगून बसलोय की कॉम्प्युटरवर हिशोब करून देतो म्हणून.

सिडको_नाशिक | रात्री १०:०५

एटूआय सोड, एसस्कॅनएफ वापर परसेंट डी (पूर्णांकाची खूण) देऊन. ते किती आकडे वाचले ते परत सांगतं, एक आला तर वाचलं, शून्य आला तर नाही वाचलं. झालं काम.

अंबडवाला | रात्री १०:४८

वरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे, एसस्कॅनएफ ने शून्य खरं का खोटं एवढं कळेल, पण ४२ आणि १८ वाल्या ओळी तशाच राहतील. आणि आकडा इंटमध्ये न मावणारा असला तर एसस्कॅनएफ काय करेल याची सी च्या स्टँडर्डमध्ये काहीच हमी नाही. एटूआय चंही तेच. मी अंबडला मशीन कंट्रोलचं काम करतो, आमच्याकडे काट्यावरून वजन स्ट्रिंगच्या रूपातच येतं त्यामुळे हे सगळं अंगावर आलेलं आहे, जरा सविस्तर लिहितो. मोबाईलवरून आहे त्यामुळे कोड बोलूनच सांगतो.

एटूआय आत काय करतं ते आधी बघ. पुढची मोकळी जागा सोडतं, मग अधिक किंवा उणे असेल तर लक्षात ठेवतं, मग एकेक कॅरॅक्टर घेतं. शून्य या कॅरॅक्टरचा आस्की कोड (मशीनमधला नंबर) ४८, नऊचा ५७, म्हणून कॅरॅक्टरमधून शून्याचं कॅरॅक्टर वजा केलं की खरा अंक हातात येतो. आत्तापर्यंतच्या उत्तराला दहाने गुणायचं आणि हा अंक मिळवायचा, पुन्हा पुढचं. (शून्य ते नऊ ओळीने लागोपाठ असतील याची खात्री सी स्टँडर्ड देतं, त्यामुळे ही वजाबाकी कुठल्याही मशीनवर चालते, एबीसीडीबद्दल मात्र तशी खात्री नाही.) आणि अंक नसलेलं पहिलं कॅरॅक्टर आलं की तिथेच थांबतं, आणि थांबलो हे कुणालाही सांगत नाही. तुझं दुखणं इथे आहे. जिथे तू ४२,५०० असं स्वल्पविराम देऊन लिहिलंस, तिथे त्याने ४२ वाचलं, स्वल्पविराम दिसला, थांबलं. तू पुढे रु. लिहिलं असशील तर पहिल्याच अक्षराला थांबलं आणि शून्य दिलं. पट्टीत खरोखर शून्य हमाली असेल तरी शून्य आणि वाचताच आलं नाही तरी शून्य, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हिशोबाच्या कामात याच्याएवढं वाईट काही नाही, कारण प्रोग्राम बंद पडला तर माणूस शोधतो तरी, हा शून्य मुकाट्याने बेरजेत जाऊन बसतो.

आता लॅबचं. तिथे टर्बो सी (जुना कंपायलर) आहे ना? निळी स्क्रीन? मग उणे येणारच. त्यात इंट १६ बिटचा असतो, म्हणजे ३२७६७ च्या वर मावत नाही. ४२५०० मधून ६५५३६ वजा कर, उणे २३०३६ येतं, जुळलं बघ. घरच्या लॅपटॉपवर इंट ३२ बिटचा आहे म्हणून तिथे तीच ओळ नीट आली. हा कंपायलर १९८७ चा आहे रे, त्या काळच्या मशीनसाठी तो बरोबरच होता. लॅबमध्येच दाखवायचं असेल तर इंटऐवजी लाँग (मोठा पूर्णांक) घे, एटूआय ऐवजी एटूएल, आणि छापताना परसेंट डी नाही परसेंट एलडी. शेवटचं विसरलास तर वाचलेलं बरोबर आणि छापलेलं चूक असं होईल आणि पुन्हा दोन दिवस जातील.

गंगापूररोड | रात्री ११:२०

मी मूळची नाशिकची, आता पुण्यात बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते. अंबडवाल्यांनी कारण अगदी नेमकं सांगितलंय, मी उपाय सांगते. तुला स्ट्रटूएल हवंय, तेही स्ट्रिंगचा आकडाच करतं पण लाँगमध्ये. ओळीतलं वजन, भाव, रक्कम सगळं महत्त्वाचं आहेच पण त्याहून महत्त्वाचं आहे "वाचन कुठे थांबलं", आणि स्ट्रटूएल तेवढं सांगतं म्हणूनच ते वापरायचं.

त्याला तीन गोष्टी द्यायच्या. स्ट्रिंग, एका कॅरॅक्टर पॉइंटरचा (मेमरीतली जागा दाखवणाऱ्या व्हेरिएबलचा) पत्ता आणि बेस (मोजणी किती अंकांची, आपली नेहमीची १०). ते काम झालं की त्या पॉइंटरमध्ये थांबल्याची जागा भरून देतं, आपण त्याला एंड म्हणू. हाक मारायच्या आधी एररनो ला (लायब्ररी चुकीची खूण जिथे ठेवते त्याला) शून्य करायचं, हे विसरू नकोस, कारण लायब्ररी स्वतःहून ते कधीच शून्य करत नाही, आधीची कुठलीतरी चूक तिथे पडून राहिलेली असू शकते. मग उत्तर आलं की बघायचं, एंड जर स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच उभा असेल तर एकही अंक सापडला नाही, रकाना रिकामा आहे किंवा कचरा आहे. एररनो मध्ये ईरेंज आलं असेल तर आकडा लाँगमध्ये मावला नाही. मावला पण तुला इंटमध्ये ठेवायचा असेल तर इंट मॅक्स आणि इंट मिन शी (इंटच्या कमाल-किमान मर्यादांशी) स्वतः ताडून बघ, लिनक्सच्या ६४ बिट मशीनवर लाँग ६४ बिट असतो आणि विंडोजवर ३२ बिटच, त्यामुळे एका मशीनवर ईरेंज येईल तो आकडा दुसऱ्यावर गुपचूप आत येतो. आणि सगळ्यात शेवटी, एंड पासून पुढे काय उरलंय ते बघ. मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण चालेल, एफगेट्स ती खूण स्ट्रिंगमध्येच ठेवतं म्हणून तुझ्या शेवटच्या रकान्यात ती बहुतेक असणारच. त्याशिवाय एकही कॅरॅक्टर उरलं तर ती ओळ नापास. ओळीचा नंबर आणि रकाना छापून प्रोग्राम तिथेच थांबव. अंदाजाने पुढे जायचं नाही, बेरीज अर्धवट झाली तर चालेल पण खोटी नको.

हे सगळं एका फंक्शनमध्ये घाल. ते आकडा परत देणार नाही, यश की अपयश एवढंच परत देईल, आकडा पॉइंटरमधून भरेल. म्हणजे शून्य रक्कम आणि न वाचलेली रक्कम कायमच्या वेगळ्या झाल्या.

स्वल्पविराम मात्र स्ट्रटूएल ला देण्याआधी तूच काढून टाक, आपली लाख-कोटीची स्वल्पविरामाची पद्धत त्याला कळत नाही.

सिडको_नाशिक | रात्री ११:३१

ओके ताई हे मलाही नवीन होतं. बेस शून्य दिला तर ते आपोआप ओळखतं ना कुठला बेस आहे ते? मग तेच द्यावं.

गंगापूररोड | रात्री ११:३८

नको! बेस शून्य म्हणजे आकड्यापुढे शून्य दिसलं की ते अष्टमान (आठवर आधारलेली मोजणी) धरतं. ०१२ दहा होईल, आणि तारखेतला ०८ तर शून्यावरच थांबेल कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही. म्हणजे महिना वाचताना जुलैपर्यंत सगळं बरोबर चालणार आणि ऑगस्ट सप्टेंबरच्या पट्ट्या बिघडणार. बेस १० च द्यायचा.

निफाडचा_पोरगा | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७:१५

ताई आणि दादा, खूप खूप आभार. बसमध्ये वाचलं आणि घरी आल्याआल्या बसलो. फंक्शन लिहिलं, स्वल्पविराम काढले, आता प्रोग्राम पहिल्याच ओळीला थांबतो, पहिला रकाना वाचता येत नाही म्हणतो. (तारखेचे दिवस महिना वर्ष मी वेगळे करून वाचतो.) ती ओळ डोळ्याने बघितली तर एकदम ठीक आहे, इंग्रजी आकडे आहेत, पुढे जागा पण नाही. तपासून बघायला ती ओळ उडवली तर पुढे १९ व्या ओळीला थांबतो, तिथून पुढच्या काही ओळी ताईने मोबाईलवर टाइप केलेल्या आहेत आणि त्यात मराठी आकडे आहेत. हे मला आधी लक्षातच नव्हतं आलं, वाचताना मराठी काय इंग्रजी काय सारखंच वाचतो आपण. आता २० एक ओळी पुन्हा टाइप करू का?

अंबडवाला | रात्री ८:३०

पुन्हा टाइप करू नको, टाइप करताना नव्या चुका होतील आणि ताईची मेहनत वाया जाईल. दोन्ही गोष्टींचं मूळ यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) आहे.

पहिल्या ओळीचं आधी. फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह केलीस का? काही वेळा फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट जोडले जातात, २३९, १८७, १९१. ते डोळ्याला दिसत नाहीत पण एफगेट्स ला दिसतात आणि स्ट्रटूएल तिथेच अडतं. पहिली ओळ वाचल्यावर ते तीन बाइट आहेत का बघ, असतील तर पॉइंटर तीनने पुढे सरकव.

मराठी आकड्यांचं असं, इंग्रजी अंक एका बाइटचा असतो, देवनागरी अंक तीन बाइटचा. पहिला बाइट कायम २२४, दुसरा कायम १६५, तिसरा शून्यासाठी १६६ आणि तिथून चढत चढत नऊसाठी १७५. म्हणजे ओळ वाचल्यावर तुकडे करायच्या आधी एक फेरी मारायची, २२४ आणि १६५ ही जोडी दिसली आणि तिसरा १६६ ते १७५ मध्ये असला तर त्या तिघांच्या जागी एकच कॅरॅक्टर लिहायचं, तिसरा वजा १६६ अधिक शून्याचं कॅरॅक्टर. बाकीचं जसंच्या तसं. स्ट्रिंग लहानच होणार, त्यामुळे त्याच ॲरेत वाचत वाचत लिहिता येतं, वेगळी जागा नको.

एक पथ्य पाळ. बाइट बघताना ते अनसाइन्ड कॅरॅक्टर म्हणून बघ. आपल्या मशीनवर साधा कॅरॅक्टर बहुतेक वेळा चिन्हासकट असतो, त्यात २२४ हे उणे ३२ दिसतं आणि तुझी तुलना कधीच जुळत नाही. इझडिजिट किंवा इझस्पेस ला (अंक आहे का, मोकळी जागा आहे का ते बघणारी फंक्शन) देतानाही असंच, उणे आकडा त्यांना देणं हे सी मध्ये नियमाबाहेरचं आहे, कधी चालेल कधी प्रोग्राम उडेल.

आपल्या भाषेत लिहिलेला आकडा आपल्या प्रोग्रामला वाचता यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. गावाकडच्या वह्या, पट्ट्या, सातबारे सगळे मराठी आकड्यात भरलेले आहेत, आणि दहा ओळींच्या या कोडसाठी लोक माणसांनाच इंग्रजी आकडे लिहायला लावतात.

निफाडचा_पोरगा | रात्री १०:१०

झालं!! मराठी आकडे वाचतोय दादा. ताईला दाखवलं, ती खूश झाली. पण बेरीज आता वहीपेक्षा जास्तच येतेय, तब्बल दीड लाखाने. आणि प्रोग्राम कुठेही थांबत नाही, सगळ्या ओळी पास. ज्या ओळी संशयास्पद वाटतात त्यात वाराईचा रकाना रिकामा आहे, काही पट्ट्यांवर वाराई कापलेलीच नव्हती म्हणून दोन उभ्या रेघा लागोपाठ टाकल्या होत्या.

गंगापूररोड | रात्री १०:२६

हा स्ट्रटोक चा गुण आहे. लागोपाठच्या दोन रेघांना ते एकच रेघ समजतं, रिकामा रकाना त्याला दिसतच नाही. मग त्या ओळीचे आठऐवजी सातच तुकडे होतात आणि हातात आलेली रक्कम वाराईच्या जागी जाऊन बसते. आता आठव्या जागी काय उरलं? तू ॲरे प्रत्येक ओळीला कोरी करत नसशील तर मागच्या पट्टीची रक्कम तिथे तशीच आहे, तीच पुन्हा बेरजेत गेली. म्हणून वाढलं.

स्ट्रटोक काढ. स्ट्रचर ने पुढची रेघ शोध, तिच्या जागी स्ट्रिंग संपल्याचा शून्य बाइट ठेव, पुढचा रकाना तिच्या नंतरच्या कॅरॅक्टरपासून. रेघा लागोपाठ असल्या तर रिकामी स्ट्रिंग मिळेल, ती वाराईच्या रकान्यात आली तर शून्य धर, कारण तिथे रिकाम्याचा अर्थ तुला माहीत आहे. वजनाच्या रकान्यात रिकामं आलं तर थांब. आणि बरोबर आठ रकाने मोजून घे.

पैसे कसे धरतोयस? पट्टीवर ५० पैसे असतात कधीकधी.

निफाडचा_पोरगा | रात्री १०:३३

पैसे सोडून दिलेत ताई. फ्लोट (दशांशाचा प्रकार) घेऊ का?

गंगापूररोड | रात्री १०:५२

फ्लोट नको. फ्लोट जेमतेम सात अंक नीट धरतो, सोळा लाखाच्या बेरजेत पैसे हलायला लागतात. सगळं पैशातच ठेव, पूर्णांकात. टिंबाच्या आधीचे रुपये एकदा वाच, एंड टिंबावर थांबला की पुढचे पैसे वाच, रुपये गुणिले शंभर अधिक पैसे. फक्त टिंबानंतर एकच अंक असेल तर त्याला दहाने गुण, .५ म्हणजे पन्नास पैसे, पाच नाही. आणि बेरजेला लाँग लाँग घे, ३२ बिटच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ पैसे मावतात म्हणजे दोन कोटी चौदा लाखाच्या थोडं वर, आज पुरेल पण उद्या गावातल्या सगळ्यांच्या पट्ट्या घालायच्या झाल्या तर पुरणार नाही.

अजून एक कर, हे मी तुला आवर्जून सांगतेय. आकडा वाचता आला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. ४२,५०० ऐवजी कुणी ४२,५० टाइप केलं तर स्वल्पविराम काढून ४२५० होईल आणि सगळ्या तपासण्या पास होतील. पण तुझ्याकडे प्रत्येक ओळीत वजन आणि भाव आहे. वजन किलोत गुणिले क्विंटलचा भाव म्हणजे शंभराने भागायच्या आधी थेट पैसेच येतात, २३४५ किलो गुणिले १८५० म्हणजे ४३३८२५० पैसे, ४३,३८२ रुपये ५० पैसे. भागाकार आधी करू नकोस, २३४५ भागिले १०० इंटमध्ये २३ होतं आणि वरचे ४५ किलो गेले, त्या भावाने ८३२ रुपये ५० पैसे. हा गुणाकार एकूण रकमेशी रुपयाभरात जुळला पाहिजे, आणि एकूण वजा तिन्ही कपाती ही हातात आलेल्या रकमेशी. न जुळेल ती ओळ छाप.

निफाडचा_पोरगा | तिसऱ्या दिवशी, रात्री ९:०५

सगळं केलं. पडताळणीत तीन ओळी सापडल्या, तिन्ही आमच्याच टायपिंगच्या चुका, मूळ पट्ट्या काढून दुरुस्त केल्या. आता ६४ च्या ६४ ओळी जुळतात. बेरीज येतेय १६,१२,८४०. वहीत १६,१८,२४० आहे. ५,४०० चा फरक राहिलाच. कुठे चुकतंय अजून?

रविवार_कारंजा | रात्री ९:४०

मला सी येत नाही पण चाळीस वर्षं दुकानाचे हिशोब लिहिलेत म्हणून सांगतो. बाळ, ५,४०० ला ९ ने भाग जातो. असा फरक आला की आम्ही आधी उलटापालट झालेला आकडा शोधायचो, शेजारशेजारचे दोन अंक जागा बदलले की फरक कायम ९ च्या पटीत येतो. आणि तुझ्या सगळ्या ओळी आतून जुळत असतील तर फाईलवर संशय घेऊ नको, वही बघ. शंभराच्या आणि हजाराच्या जागेचे अंक बघ.

निफाडचा_पोरगा | रात्री ११:१५

काका सापडलं. मागच्या वर्षीची मे महिन्यातली पट्टी, कागदावर २१,७५० आहे आणि वहीत २७,१५० लिहिलंय. फरक बरोबर ५,४००.

वडिलांना दाखवलं. ते चष्मा लावून पट्टी आणि वही शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले, मग वहीतला आकडा खोडून वर २१,७५० लिहिलं, शेवटची बेरीजही बदलली. आता म्हणतायत गाडीभाड्याचा रकाना राहिलाय, तो पण घाल. म्हणजे नऊ रकाने होतील, आणि पिशवीत गाडीच्या चिठ्ठ्या वेगळ्या आहेत, पेन्सिलने लिहिलेल्या. उद्या ताईसोबत बसतो.